मूळ प्रत गेली, पाठ राहिले

मजकूर एकच, पण त्याच्या प्रती अनेक. त्या बाळगणारी माणसे एका गावात थांबणारी नाहीत. ती फिरत असतात आणि फिरताना त्यांची एकमेकांशी गाठ पडेलच याचा भरवसा नाही. मग सगळ्या प्रती एकसारख्या राहायच्या कशा? आणि फरक पडलाच, तर कोणाचा पाठ खरा मानायचा?

अमरावतीच्या राजापेठेतून गावाकडे निघालेला एखादा विद्यार्थी बसमध्ये मोबाइलवर आपला प्रबंध दुरुस्त करत असतो, तेव्हा हाच प्रश्न त्याच्या हातात असतो. वाटेत रेंज जाते, तरी तो लिहीत राहतो. तिकडे त्याचा जोडीदार घरच्या संगणकावर त्याच फाइलमध्ये दुसराच बदल करून ठेवतो. रेंज परत येते आणि दोन प्रती समोरासमोर उभ्या ठाकतात. संगणकशास्त्राने या प्रश्नाला पद्धतशीर हात घातला तो १९८० च्या दशकात. पण याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, सातशे वर्षांपूर्वी एका अख्ख्या पंथाला तो सोडवावा लागला होता. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ आज आपल्या हाती आहे, तो त्या लोकांनी हा प्रश्न ज्या सचोटीने हाताळला तिच्यामुळे.

आठवणी गोळा करणारा पंडित

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी १२७४ च्या सुमारास महाराष्ट्र सोडून उत्तरापंथे गेले. त्यांनी स्वतः एक अक्षरही लिहून ठेवलेले नव्हते. जे होते ते शिष्यांच्या आठवणीत. कोणी पैठणला त्यांच्यासोबत होता, कोणी डोमेग्रामला, कोणी गोदाकाठच्या प्रवासात. प्रत्येकाकडे चरित्राचा एकेक तुकडा होता. सगळे चरित्र कोणा एकाकडे नव्हते.

स्वामींच्या मागे ही मंडळी रिद्धपूरला आली. तिथे चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू होते, गुंडम राऊळ या नावाने गाव त्यांना ओळखत असे. नागदेवाचार्य म्हणजे भटोबास, धवळे रचणारी महदाइसा, सराळ्याचे म्हाइंभट अशी माणसे त्यांच्या सेवेसाठी एकत्र आली. म्हाइंभट संस्कृत शास्त्रांत मुरलेले विद्वान. स्वामींच्या लीळांचे, म्हणजे चरित्रातल्या प्रसंगांचे, भटोबास मनोमन स्मरण करत असतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी त्या लिहून काढायचे ठरवले.

काम दिसते तेवढे सोपे नव्हते. भटोबासांना जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. जिथे ते स्वतः हजर नव्हते तिथल्या लीळा ज्याने पाहिल्या त्याच्याकडून मिळवायच्या, म्हणून म्हाइंभटांनी माणसे शोधली, त्यांच्याकडे जाऊन ऐकले, पुन्हा विचारले. अशा हजाराहून अधिक लीळा जमल्या. १२७८ च्या सुमारास रिद्धपूरच्या वाजेश्वरी या स्थानी लीळाचरित्र लिहून झाले, असे मानले जाते. एकाक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग. एकाक भागात स्वामींचे एकट्याने भटकण्याचे दिवस येतात. त्या काळात सोबत कोणीच नव्हते, म्हणून तो भाग मुख्यतः स्वामींनी पुढे शिष्यांना आपल्या तोंडून सांगितलेल्या गोष्टींवर उभा आहे. कोणी पाहिलेले कोणते आणि कोणी ऐकलेले कोणते, हा फरक या ग्रंथाच्या रचनेतच आहे.

विखुरलेल्या आठवणी एका जागी आणायच्या, त्या ताडून पाहायच्या आणि शेवटचा शब्द भटोबासांचा मानायचा, अशी ही व्यवस्था होती. निवाडा करणारा एक माणूस सर्वांना मान्य होता, तोवर पाठ एक राहिला. केशोबासांनी पुढे याच ग्रंथातून स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला, आणि त्यांनी दिलेले दृष्टान्त वेगळे काढून दृष्टान्तपाठ रचला. केशोबासांचा ओढा संस्कृताकडे होता. भटोबासांनी त्यांना मराठीतच लिहायला सांगितले, कारण संस्कृतात लिहिले तर पंथातल्या साध्या बायाबापड्या त्याला मुकतील, ही त्यांची चिंता होती. ग्रंथ सर्वांच्या हाती पोचावा असे एकदा ठरले की त्याच्या प्रती वाढणार आणि त्या दूरदूर जाणार, हेही त्याच क्षणी ठरले.

फिरस्त्यांचा ग्रंथ

महानुभाव संन्याशाला एका जागी घर करून राहायचे नसते. अटन हा त्याचा धर्म. भिक्षा मागायची, गावाबाहेर देवळात किंवा झाडाखाली आसन करायचे, नामस्मरण करायचे आणि पुढच्या गावाला लागायचे. एवढ्या फिरतीत पोथ्यांचे ओझे नेणार किती? म्हणून सूत्रे पाठ असायची, लीळा पाठ असायच्या. गुरूपाशी असताना जेवढे आत्मसात होईल तेवढे घ्यायचे आणि मग महिनोन्महिने त्यावर एकट्याने चालायचे. पुन्हा गाठीभेटी झाल्या की पाठ म्हणून दाखवायचा, चर्चा करायची, विसरलेले भरून घ्यायचे.

या शिस्तीत ताकदही होती आणि धोकाही. ताकद अशी, की ग्रंथ एका गावाच्या किंवा एका मठाच्या नशिबाला बांधलेला नव्हता. धोका असा, की दोन माणसांच्या स्मरणात एकच लीळा थोडी वेगळी होत गेली तर त्याचा पत्ता कित्येक वर्षे कोणाला लागणार नाही. भटोबास होते तोवर विचारायला जागा होती. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला ते गेले, आणि त्याच सुमाराला सगळ्या दख्खनवर संकट आले.

धाड

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिली स्वारी केली. पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या आणि १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले. या धामधुमीत महानुभाव मंडळी जीव आणि पोथ्या वाचवण्यासाठी दऱ्याखोऱ्यांत, कोकणाच्या दिशेने पांगली. पंथात या आपत्तीला खालशाची धाड म्हणतात. त्या पळापळीत लीळाचरित्राची मूळ प्रत हातची गेली, असे परंपरा सांगते.

म्हाइंभटांच्या हातचा ग्रंथ नाहीसा झाला. ज्याच्याशी ताडून पाहायचे तेच उरले नाही. तेव्हा ज्यांना तो पाठ होता त्यांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभे करण्यात आले. तल्लख स्मरणशक्तीसाठी पंथात जिचे नाव आदराने घेतात त्या हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे वेगवेगळे पाठ तयार झाले. गाभा एकच होता. पण कुठे शब्द निराळा, कुठे गावाचे नाव निराळे, कुठे एखादी लीळा एका पाठात आहे आणि दुसऱ्यात नाही.

या जागी दुसरा एखादा समाज काय करता? बहुधा एक पाठ अधिकृत ठरवून बाकीचे बुडवता. महानुभावांनी तसे केले नाही. पोथीत मजकूर चालू असताना मध्येच ते नोंद करतात की इथे हिराइसेचे म्हणणे असे आहे, रामेश्वरबास असे सांगतात. शोध घेऊन जे हाती आले ते ‘शोधु’ म्हणून लिहितात, दुसऱ्या कोणाच्या स्मरणातला पाठ ‘वासना’ म्हणून देतात. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात, आणि कोणता कोणाचा तेही कळते.

या नोंदींमागची नैतिक शिस्त मला फार मोलाची वाटते. ज्या माणसांना ही वचने साक्षात परमेश्वराची होती, त्यांनीच त्या वचनांच्या बाबतीत इथे दोन पाठ आहेत हे उघड लिहून ठेवले. श्रद्धा एवढी होती, म्हणूनच आपल्या स्मरणाला देवाच्या वाणीची जागा द्यायला त्यांचे मन धजले नाही.

एकनाथांची दुसरी वाट

हाच पेच मराठीतल्या दुसऱ्या थोर ग्रंथापुढेही आला आणि तिथे तो निराळ्या रीतीने सुटला. ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षांत तिच्या प्रती गावोगाव झाल्या, लेखनिकांच्या चुका शिरल्या, कोणी आपल्या ओव्याही घुसडल्या. पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये अनेक प्रती मिळवून, ताडून एक शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. वारकऱ्यांच्या हाती एकसारखी ज्ञानेश्वरी आली, फडाफडांतून ती एका सुरात वाचता आली, हे एकनाथांचे उपकार.

पण त्याची किंमतही होती. शुद्ध प्रत सर्वमान्य झाल्यावर जुन्या प्रती मागे पडल्या. एकनाथांनी कोणता शब्द कोणत्या प्रतीतून घेतला आणि कोणता सोडला, हे आज सांगता येत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा अभ्यासकांत मोठी खळबळ उडाली, ती यामुळेच. एकनाथांनी एकवाक्यता दिली आणि इतिहास झाकला गेला. रिद्धपूरच्या परंपरेने इतिहास राखला आणि एकवाक्यता सोडली. दोन्ही वाटा सद्‌हेतूच्या होत्या, पण कोणत्या वाटेने काय हातचे जाते हे समजून घेतले पाहिजे.

सकळ लिपी आणि काबूलपर्यंतचा मठ

पुन्हा महानुभावांकडे वळू. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी ही सांकेतिक लिपी तयार केली. नागरीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरे ठरलेले अक्षर योजायचे, अशी तिची मुख्य तऱ्हा. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या. किल्ली ज्याला दिली त्यालाच पोथी वाचता येई. त्यामुळे परक्या हाताची ढवळाढवळ थांबली आणि तेराव्या शतकातली मराठी पुष्कळशी जशीच्या तशी राहिली. पण तोच कडेकोट बंदोबस्त पंथाच्या अंगावरही आला. बाहेरच्यांना ग्रंथ वाचता येईनात, मग गैरसमज वाढले आणि पाच-सहा शतके मराठी वाचकाला आपल्या भाषेतल्या या गद्याचा पत्ताच नव्हता.

आतल्या आतही फाटे फुटत होते. परंपरा तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, सांगते, त्यांतले उपाध्ये आणि कवीश्वर हे प्रमुख. प्रत्येक आम्नायाने आपापल्या गुरुपरंपरेतून आलेला पाठ जपला. दुसरीकडे पंथ दूरवर पसरत गेला. सोळाव्या शतकात कृष्णमुनींच्या द्वारे तो पंजाबात रुजला, तिथे जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला गेला, आणि पेशावर-काबूलपर्यंत मठ झाले. बोली पंजाबी, वस्ती सरहद्दीची, आणि धर्मग्रंथ मात्र वऱ्हाड-गोदाकाठच्या मराठीत. रिद्धपुरापासून एवढ्या लांब राहणारी माणसे वर्षानुवर्षे मूळ ठाण्याशी बोलू शकत नसत. जवळची पोथी आणि गुरूने शिकवलेला पाठ, एवढेच त्यांच्या हाती.

पोथी उघडली तेव्हा

विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपी उकलली. महानुभाव महंतांनीही मन मोठे केले आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांना पोथ्या दाखवल्या, किल्ल्या दिल्या. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून या भांडाराची ओळख करून दिली. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात नागपुरातून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले. मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते यांनी तर आयुष्यच या कामाला वाहिले. अनेक पोथ्या ताडून त्यांनी संपादलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये छापले.

संपादक पोथीत काय पाहतो? हातकागदाचे पान, त्यावर बोरूने लिहिलेल्या सरळ ओळी. जिथे लेखनिक चुकला तिथे त्याने अक्षरावर पिवळा हरताळ फासून वरून नवे अक्षर काढलेले असते. एखादा शब्द सुटला तर ओळीत काकपदाची खूण करून तो समासात लिहिलेला असतो. शेवटी पुष्पिका: कोणी लिहिली, कोणासाठी, कोणत्या शकात. संपादक पाच-सात पोथ्या शेजारी मांडून शब्द शब्द ताडतो. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक सापडली, तर त्या एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात असा तर्क करतो. अशा खुणा जोडत तो पोथ्यांची वंशावळ लावतो. जिथे परंपरेनेच पाठ सांगणाऱ्याचे नाव नोंदलेले आहे, तिथे हे काम कितीतरी सोपे होते. हिराइसेचा पाठ कोणता हे तिच्या काळातल्या लोकांनीच लिहून ठेवले, म्हणून सहा-सातशे वर्षांनी तो वेगळा ओळखता येतो.

संगणकाने घेतलेली तीच वाट

आता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. १९८३ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण खोल युक्ती मांडली. तिला व्हर्जन व्हेक्टर म्हणतात. प्रत्येक प्रतीसोबत एक नोंद ठेवायची, की कोणत्या ठिकाणी तिच्यात किती बदल झाले. समजा, एका प्रतीवर नोंद आहे अकोला ३, अमरावती २. दुसरीवर अकोला २, अमरावती २. पहिली प्रत पुढची आहे, दुसरी खुशाल बदलावी. पण दुसरीवर अकोला २, अमरावती ३ असेल तर? मग दोन्ही प्रती एकमेकींच्या नकळत बदलल्या आहेत. कोणतीच जुनी नाही, कोणतीच नवी नाही, आणि एकीने दुसरीला पुसले तर कोणाचे तरी काम बुडेल. ही युक्ती भांडण मिटवत नाही. भांडण आहे, एवढे ती बिनचूक सांगते. तेवढे कळणे ही पहिली गरज असते.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांनी कोडा ही फाइल-व्यवस्था उभारायला घेतली. सोबत नेण्याचे संगणक तेव्हा नुकते येऊ लागले होते. कोडात फिरत्या संगणकाच्या तीन अवस्था कल्पिल्या होत्या. जाळ्याशी जोडलेला असताना लागतील त्या फाइली आधीच जमवून ठेवायच्या; संपर्क तुटला की त्यांवरच काम चालवायचे आणि प्रत्येक बदल टिपून ठेवायचा; पुन्हा जोडले गेल्यावर ते बदल मुख्य प्रतीत मिळवायचे. मेळ बसला नाही तर कोडा फाइल बाजूला काढून माणसाच्या निवाड्यासाठी ठेवते. अटनाला निघण्यापूर्वी पाठ करणे, वाटेत त्यावर चालणे आणि भेटीत पाठ ताडणे, ही महानुभावांची रीत याहून फार वेगळी नव्हती.

त्यानंतर १९९० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन केंद्रात बायू ही व्यवस्था घडली. तिच्यात कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाशी गाठ पडेल तेव्हा बदलांची देवाणघेवाण करतो. सगळ्यांनी एका ठाण्याशी सतत बोलण्याची गरज नसते. अंतिम क्रम एक प्रमुख प्रत ठरवते, आणि तो ठरेपर्यंत प्रत्येक बदल तात्पुरता समजला जातो. भटोबासांच्या हयातीत रिद्धपूरला जे स्थान होते, तेच इथे त्या प्रमुख प्रतीला आहे. ते ठाणे गेले की काय होते, हेही चौदाव्या शतकाने दाखवले आहे.

२००० मध्ये एरिक ब्रूअर यांनी एक अनुमान मांडले आणि २००२ मध्ये गिल्बर्ट व लिंच यांनी ते गणिताने सिद्ध केले: जाळे तुटलेले असताना सगळीकडे एकच पाठ आणि सगळ्यांना अखंड वापर, ही दोन्ही आश्वासने एकदम पाळता येत नाहीत. यांत्रिक कौशल्य कितीही वाढले तरी ही मर्यादा हटत नाही. फिरत्या माणसाला काम करू द्यायचे असेल तर फरक पडणार हे गृहीत धरावे लागते. मग उरते ते एवढेच, की त्या फरकाची नोंद आपण किती चोख ठेवतो.

रिद्धपूरपुढचे आजचे काम

ही तुलना ताणू नये हेही खरे. यंत्र मोजते तसे बदल चौदाव्या शतकात कोणी मोजत नव्हते, आणि स्मरणातला फरक सांगणाऱ्यालाही पुष्कळदा जाणवत नसतो. पण दोन्हीकडचा अनुभव एकाच निष्कर्षाला येतो. एकाच जागी ठेवलेली एकच प्रत कितीही पवित्र असली तरी एका धाडीत जाऊ शकते. अनेक ठिकाणी, अनेकांच्या हाती असलेला ग्रंथ टिकतो. आणि अनेक प्रती असल्या की पाठभेद येतात, तेव्हा प्रत्येक भेदावर त्याच्या धन्याचे नाव असले तर तो भेद ग्रंथाची संपत्ती होतो. नाव पुसले की तोच भेद गोंधळ ठरतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. मठामठांतल्या पोथ्यांची छायाचित्रे काढून त्या संगणकावर आणण्याचे काम आता वऱ्हाडातच, लीळाचरित्राच्या जन्मगावी होऊ शकते. हे काम करताना सोय म्हणून एकच प्रमाण पाठ टंकून बाकीचे वगळण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. प्रत्येक पोथी आपल्या पुष्पिकेसह, शकासह, आम्नायासह स्वतंत्र नोंदवावी; हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांचे पाठ वेगळे दिसावेत; हरताळाखालचे अक्षर वाचता येत असेल तर तेही टिपावे. सर्वसामान्य वाचकासाठी एक वाचनप्रत जरूर करावी, पण तिच्यातला प्रत्येक शब्द कोणत्या पोथीतून आला हे एका क्लिकवर कळावे. आणि या सगळ्या संग्रहाच्या प्रती रिद्धपुरात, मुंबईत, पुण्यात आणि महाराष्ट्राबाहेरच्या महानुभाव मठांतही असाव्यात. म्हाइंभटांनी ज्यांच्या आठवणी दारोदार जाऊन मिळवल्या आणि धाडीनंतर ज्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, त्या सगळ्यांची नावे ग्रंथासोबत पुढच्या पिढीकडे पोचवणे हे आपले कर्तव्य आहे, आणि ते पार पाडण्याची साधने आज आपल्या हाती आहेत.